आठ वाजेपर्यंतचं हसू

डॉक्टरांनी "तुमचे वडील गेले" असं सांगितलं, तेव्हा हेमांगी हसत होती. पैठणीच्या दुकानात काउंटरवरच्या सगळ्या मुलींना सकाळी दहाला दोन्ही गालांत सुई टोचायचे. मग ओठांचे कोपरे वर ओढणारे स्नायू रात्री आठपर्यंत आखडून राहायचे. आत्ता कुठे चार वाजले होते.

"डॉक्टर, हे आधी उतरवा," ती म्हणाली.

डॉक्टरांना तिच्याकडे बघवेना. "त्यावर उतारा नाही, ताई. औषधाचा जोर ओसरला की स्नायू आपोआप सैल पडतील."

बाहेर बाकावर आई बसली होती. हेमांगी रोज साडेआठनंतर घरी पोचायची, त्यामुळे आईला या सुईचा पत्ताच नव्हता. हेमांगीनं ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली. डोळ्यांना धार लागली होती आणि गाल मात्र खाली यायला तयार नव्हते.

"आई," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

आईनं घाईघाईनं ओढणी बाजूला सारली, लेकीचा चेहरा पाहिला आणि डोळे मिटून हात जोडले. मग मुलाला फोन लावला.

"निशिकांत, सावकाश ये रे बाबा," ती म्हणाली. "हेमा हसतेय. वाचले ते."