घाटातला हीटर

घाटात हणमंताच्या पिकअपच्या हीटरमधून नुसती गरम हवाच येत होती. बटण फिरवून काही उपयोग होईना. शेजारी वहिनी बाळंतपणाच्या कळांनी आणि घामाने कासावीस झाल्या होत्या.

गाडी थांबवून तो डॅशबोर्डखाली वाकला. जुन्या मालकाने हीटरचा व्हॉल्व्ह तारेने उघडाच बांधून ठेवला होता. हणमंताने तार तोडून व्हॉल्व्ह बंद केला. गार वारा लागताच वहिनींनी डोळे मिटले.

दोनच वळणं चढली आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. मालकाने तार का बांधली, ते त्याला आता उमगलं. इंजिनाची उष्णता हीटरवाटेच बाहेर पडत होती.

"वहिनी, हीटरची तार तोडली म्हणून इंजिन तापलं. इथं तासभर थांबावं लागेल, नाहीतर..."

"नाहीतर परत बांधा ती तार!" वहिनी ओरडल्या. "घाम पुसता येईल, भावजी. बाळ रस्त्यात नको."

हणमंताने व्हॉल्व्ह उघडून तार पुन्हा बांधली. काटा हळूहळू खाली सरकला. केबिनची भट्टी झाली, पण गाडी घाट चढली.

दवाखान्यात नर्सने वहिनींच्या कपाळाला हात लावला. "ताप कधीपासून?"

"मला नाही, गाडीला," कळ सोसतानाही वहिनी हसल्या.

हणमंत मात्र बाळाचं रडणं ऐकू येईपर्यंत दारापासून हलला नाही.