ठशांचा अल्बम

"माणसाची खरी ओळख त्याच्या ठशातच असते!" नरहरपंतांनी जाहीर केलं, आणि लोडावर हात टेकून उठताना पांढऱ्याशुभ्र खोळीवर पाच निळी बोटं उमटवली.

रमाबाईंनी लोड उलटा केला. त्या बाजूला कालची तांबडी होती.

"अहो, हात धुवा आधी. परतूरची मंडळी येऊन राह्यली. तुमचे हात बघितले की समजंल त्यांना, अल्बम कुणी केला ते."

"दगडानं घासले. आता कातडी निघंल, रंग न्हाई."

गेल्या साली धावड्याचे लोक लेकीला, विमलला, पाहून गेले होते. मुलीच्या हातचं काहीतरी दाखवा, म्हणाले. घरात एक अभ्रा होता, त्यावर विमलनं मोर भरला होता. "कोंबडी छान आहे," म्हणून ते लोक उठले, ते उठलेच. विमल गणितात अख्ख्या मंठा गावात कुणाला ऐकत नव्हती. पण गणित काही बैठकीत मांडून ठेवता येत नाही.

नरहरपंत तहसिलीतले पेशकार. सगळी नोकरी कागदांवर ठसे मारण्यात गेली. निजामाचं राज्य गेलं, ठसे बदलले, हात तोच राहिला. पेन्शनीत बसल्यावर त्या हातानं बटाटे कोरले, भेंड्या कापल्या, आणि संक्रांतीची, दिवाळीची भेटकार्डं छापली. ती जाड काळ्या कागदांवर चिकटवली आणि 'विमलचा अल्बम' तयार झाला. तो अजून कुणी पाहिला नव्हता, पण ऐकला सगळ्यांनी होता. ऐकवण्याचं काम नरहरपंतांनी जातीनं केलं होतं.

मग मोटारस्टँडवरच्या रामकिसननं निरोप आणला. परतूरचे काकासाहेब सहकुटुंब रविवारी सहज येतो म्हणालेत, विमलचा अल्बम बघायचाय.

सहज! लग्नाची मुलगी घरात असताना चैत्राच्या उन्हात परतूरहून सहज कोण येतं? 'मुलगी बघायला येतो' असं खानदानी माणूस तोंडानं म्हणत नाही, एवढं नरहरपंतांना बराबर कळत होतं. त्यात काकासाहेबांचा मुलगा औरंगाबादला ओव्हरसियर.

"नाना, त्यांनी काही विचारलं मंग?" विमलनं विचारलं.

"खाली बघायचं. लाजली म्हणतील."

"मला लाजता येत न्हाई."

"मंग पायाच्या अंगठ्याकडं बघ. दिसायला सारखंच दिसतं."

मंडळी आली. पोहे झाले. विमलनं वाकून नमस्कार केला. "बस गं माय," म्हणून काकासाहेबांच्या सगुणाबाईंनी तिच्याकडं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही; अल्बम मांडीवर ओढला. केवढी ही सभ्यता, नरहरपंतांच्या मनात आलं. पोरीला चालून दाखव म्हणत नाहीत, सुईत दोरा ओवायला लावत नाहीत!

काकासाहेबांनी एका कार्डावर बोट ठेवलं. काळ्या शाईतला रथ, वरून गुलाबी पाणरंग. "शाईवरून ओला कुंचला फिरवलाय, तरी शाई फुटली कशी न्हाई?"

विमलनं अंगठ्याकडं पाहिलं.

"काजळाच्या शाईत लाख आन् टाकणखार घालून उकळायचं," नरहरपंतांना राहवलं नाही. "एकदा वाळली की पाण्याला बिलकुल दाद देत न्हाई." रमाबाई खाकरल्या. "असं ही म्हणत असते," त्यांनी विमलकडं हात केला आणि निळा म्हणून लगेच उपरण्यात घेतला.

"आन् हे फूल?"

"भेंडी! जून बघून आडवी कापायची. फडक्यावर पालथी ठेवून चिकटा काढायचा, मंगच रंग लावायचा. न्हाईतर पाकळीत पाकळी घुसते. मी... मी बघतो ना हिला रोज."

"ध्यानात ठेव," काकासाहेब बायकोला म्हणाले. सगुणाबाई ओठातल्या ओठात "लाख, टाकणखार, जून भेंडी" असं दोनदा पुटपुटल्या.

सुनेचं कौतुक आत्तापासून पाठ करून राह्यल्या! नरहरपंतांनी रमाबाईंकडं पाहून भुवई उडवली.

"आजपतोर कुणाला दाखवलाय हा?" सगुणाबाईंनी एकदम विचारलं. "आष्टीकडच्या कुणाला?"

धावड्याची गोष्ट काढायची काही गरज नव्हती. तेव्हा अल्बम नव्हताच. "कुणालाच न्हाई. तुम्हीच पहिले."

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहून सुटकेचा निःश्वास सोडला. नरहरपंतांनीही सोडला.

"चिरंजीव कसे आहेत?" त्यांनी बेतानं विचारलं.

"मजेत. त्याची आता काही काळजी न्हाई."

विमलनं पहिल्यांदाच मान वर केली. काकासाहेबांकडं पाहिलं, सगुणाबाईंकडं पाहिलं, मनात काहीतरी हिशेब केला, आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

लाजली, नरहरपंत मनात म्हणाले. आली एकदाची!

सगुणाबाईंनी अल्बम मिटला, दोन्ही हातांवर तोलून पाहिला आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. काकासाहेबांनी घसा साफ केला. "नरहरपंत, एक बोलायचं होतं. पण संकोच वाटून राह्यला."

"संकोच कशाचा? घर तुमचं आहे. माझ्या घरातलं जे मागाल ते दिलं. हा माझा शब्द!"

रमाबाई लगबगीनं आत गेल्या आणि साखरेची वाटी घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"मंग बोलतोच," काकासाहेब म्हणाले. "मुलाचं तर माघात परभणीला उरकलं. आता आमची उमा तेवढी राह्यली. गुरुवारी तिला बघायला आष्टीचे लोक येऊन राह्यले. हा अल्बम चार दिवस न्यावा म्हणतो... आन् पहिल्या पानावरचं विमलचं नाव तेवढं खोडलं, तर चालंल न्हवं?"