वाकला नाही म्हणून

पलटणीच्या देवळात डोकं टेकवायला नाही म्हणाला, म्हणून गोवर्धनला फौजेतून काढलं. घर महानुभावांचं. एका परमेश्वराशिवाय कोणापुढे वाकायचं नाही, हे त्याला बापानंच, तेजरामनं, शिकवलेलं.

पेटी घेऊन तो भिलाईला, खुर्सीपारच्या खोलीत परतला, तेव्हा तेजरामनं त्याला पोटाशी धरलं. "रडून कावून राहिला? बरोबर केलं तू."

मग बापानं हातापाया पडून त्याला आपल्याच ठेकेदाराकडे लावलं. पहिल्याच दिवशी विश्वकर्मा पूजा. सगळे कामगार मशीनपुढे वाकले. गोवर्धन ताठ उभा. ठेकेदारानं वळून पाहिलं.

तेवढ्यात मागून एक हात मानेवर पडला आणि खाली दाबू लागला.


"वाक रे बाबू," तेजराम कानाशी पुटपुटला, "मी तं दर साली वाकतो."