न्याईंच्या पुढ्यातल्या चपला

“कुणाला खरं वाटायचं नाही,” मदरशाच्या मोठ्या बाई, न्याई मुस्लिहा, कडाडल्या, “पण आमच्या घराण्यात आजतागायत कुणी दुसऱ्याच्या चपलेत पाय घातलेला नाही!”

फजरची नमाज आटोपून मुली अंगणात उभ्या होत्या. पुढे झुमरोह, मान खाली. न्याईंच्या तपकिरी चपला न विचारता अडकवून ती न्हाणीकडे गेली आणि परतताना सापडली. याला जावा बेटावर गोसोब म्हणतात. चोरी नव्हे, चोरीची धाकटी बहीण. शिक्षा ठरलेली : महिनाभर घरी जायचं नाही. उद्या झुमरोहच्या ताईचं लग्न. फाटकाशी भाऊ मोटरसायकलचा हॉर्न वाजवून वाजवून थकला होता.

पुराव्याच्या चपला न्याईंच्या पुढ्यातच होत्या. पण त्या पायात घालायची न्याईंची छाती होईना. नमाजेनंतर आपली जोडी दिसेना, घरातून भात करपल्याचा वास आला, म्हणून पायरीवरची मिळेल ती जोडी सरकवून त्या धावल्या होत्या. ती गुलाबी निघाली. टाच अर्धी बाहेर. आता नेसूचा लुंगीसारखा सारोंग मुठीत धरून खाली ओढत त्या या पायावरून त्या पायावर होत होत्या.

मान खाली असल्यामुळे ते झुमरोहलाच आधी दिसलं. तिनं एकदा वर पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

त्या मिटल्या डोळ्यांनी न्याईंचा जीव आणखीच वरखाली झाला आणि जीभ सैल सुटली.

“अगं, आजीच्या वेळी एक पोर चपला दारात विसरून गावी गेली. वर्षानुवर्षं तशाच! त्यांत माती साचली, मातीत फणस रुजला, फळं धरली. आम्ही हात लावला? नाव नको!”

“कापा की बरका, न्याई?” मागून कुणीतरी विचारलं.

“मधे बोलू नये! फणस म्हणजे केवढा, तर हा एवढा—” न्याईंनी दोन्ही हात पसरले. सारोंग मुठीतून सुटला, वर गेला.

सगळ्यांत धाकटी इनायाह अनवाणीच पुढे आली.

“फणसाचं असेल खरं, न्याई. पण ते आजतागायतचं खोटं. माझ्या चपला तुमच्या पायात आहेत.”