शिक्षण आड आलं

"कपाशीचं बी चांगलं हाये का खराब, हे तुम्हाला कळतं कसं?" बघायला आलेल्या परमेश्वरनं विचारलं.

"ओल्या कागदात गुंडाळून ठेवते. उगवलं तर चांगलं," आकांक्षा म्हणाली.

"एवढ्यासाठी एम.एस्सी. करावं लागतं व्हय?"

ती हसली. बघण्याच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदाच हसली होती. परमेश्वर बी.ए. झालेला, भोकरदनला त्याचं खताचं दुकान. जाताना चपला घालता घालता त्यानं मागं वळून पाहिलं, आणि तेही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

तरी मनाला लगाम घालायला हवा होता. आधीची स्थळंही पोहे पुन्हा मागून खाऊन गेली होती, आणि मागाहून नकार आला होता. कारण ठरलेलं. मुलगी फार शिकलेली. आता तिशी उलटून गेली होती. एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीत मैत्रिणी लेकरांच्या शाळेबद्दल बोलायला लागल्या, की ती डबा लवकर संपवून उठायची. बी.एस्सी.वरच थांबले असते तर, असं तिला हल्ली वाटायचं.

वडील गेल्यापासून जुन्या जालन्यातल्या त्या घरात मायलेकी दोघीच. घरात फोनचा आवाज तुटायचा. म्हणून मध्यस्थ असलेल्या भागवतमामांचा फोन आला, की आई, सगुणाबाई, दुखऱ्या गुडघ्यांनी गच्चीवर जायची.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. आई वर गेली. आकांक्षा खाली मळलेली कणीक पुन्हा मळत बसली.

आई पदरानं तोंड पुसत खाली आली. "न्हाई म्हणले. पोरगी लई शिकलेली हाये म्हणत्यात."

मग आईनं शेंगोळे केले. आकांक्षाच्या आवडीचे. दर नकाराला करायची. तिच्या ताटात तूप वाढलं आणि जवळ सरकून बसली.

"मी हाये ना तुला," ती म्हणाली.

आकांक्षानं ताट बाजूला सारलं. या वेळी खरंच दुखलं होतं.

"आई, मामांना परत फोन लाव. म्हणावं, माझं शिक्षण मनात धरू नका. दुकानात बस म्हणले तर दुकानात बसते. मला आवडला गं तो."

सगुणाबाईनं ताटातच हात धुतला. मग फोन घेऊन उठली आणि भिंतीला धरून एकेक पायरी चढत वर गेली.

"बरं झालं अक्का, फोन केला," पलीकडून भागवतमामा म्हणाले. "परमेश्वर अडून बसलाय. म्हणतो, पोरीला अजून एकदा विचारा."

खाली जिन्यापाशी आकांक्षा येऊन उभी होती, वर बघत. सगुणाबाईनं गच्चीचं दार हळूच लोटून घेतलं.

"आत्ताच विचारलं, भाऊ," ती म्हणाली. "ह्या बारीलाबी तेच म्हणून राह्यली. पोरगा कमी शिकलेला हाये."