खांबेट्यांचा वाडगा

आमच्या क्लबात दर महिन्याला प्रत्येकाने घरच्या लेथवर कातलेली लाकडी वस्तू आणायची आणि बाकीच्यांनी तिच्यातले दोष काढायचे. कौतुक फक्त चहाचं.

ऑपरेशननंतर खांबेटे पहिल्यांदाच आले, सागवानी वाडगा घेऊन. टेबलावर ठेवला तर तो डुगडुगला. काठाला तडा होता.

"सुरेख," सबनीस म्हणाले. याच सबनीसांनी पूर्वी खांबेट्यांच्या लाटण्याला दंडुका म्हटलं होतं.

"पॉलिश झकास हं," मी म्हणालो.

"पॉलिश केलेलंच नाही." खांबेट्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही सगळे वाडग्याकडे पाहत होतो.

"आमची ही मला म्हणाली, गाठ साधी होती. तुम्हाला फोनवर काय म्हणाली?"

सबनीसांनी वाडगा उचलला, तड्यावरून बोट फिरवलं.

"सुरेखच झालाय हो," ते म्हणाले.