साफ खोटं

आईबाबांना मूल होत नव्हतं तेव्हा त्यांनी तिला तान्ही असताना घरी आणलं. पुढे त्यांना मुलगा झाला आणि दत्तकपत्र करायचं राहूनच गेलं. दोघंही गेल्यावर घरावर मुलाचं नाव लागलं. मग कायदा बदलला. पोटच्या लेकरासारखं वाढवलेल्या मुलीलाही वाटा मिळणार होता आणि कागद नसला तरी शपथेवर सांगितलेली आठवण पुरावा म्हणून चालणार होती. तिने दावा लावला. "हिला फक्त सांभाळलं होतं," असं भावाने उत्तर दिलं.

कोर्टात ती सांगू लागली, "आम्ही दोघं एकाच खोलीत झोपायचो. खिडकीशी मी, भिंतीशी हा. दिवे गेले की आई दारात बसून गाणं म्हणायची."

"साफ खोटं!" भाऊ ताडकन उठला.

न्यायाधीशांनी विचारलं, "काय खोटं?"

"खिडकीशी मी झोपायचो. हिला वाऱ्याच्या आवाजाची भीती वाटायची. आणि गाणं बाबा म्हणायचे. आईला कुठे सूर होता?"

बहिणीला हसू फुटलं. "खरंच रे. ती स्वयंपाकघरात गायला लागली की आपण कान दाबून धरायचो."

"मग ती मुद्दाम आणखी मोठ्याने गायची!"

वकिलाने त्याची बाही ओढली. "अहो, बसा खाली. तिची केस तुम्हीच सिद्ध करताय."

"होऊ दे सिद्ध," डोळे पुसत भाऊ म्हणाला. "हे सगळं आठवणारं आता ताईशिवाय माझं कुणी उरलेलं नाही."